यादीबाहेरचा श्वास

११ मार्च

चि. भाचीस, आणि ती ज्या खुर्चीवर बसते त्या खुर्चीसही, आशीर्वाद.

दूरध्वनीवर तू "मामा, मीटिंग आहे" म्हणून निसटतेस. पत्रातून निसटता येत नाही, म्हणून हा खटाटोप. तुझ्या आरोग्य विभागाच्या आपत्ती पूर्वतयारी कक्षाने काल आमच्या गावात वादळाची रंगीत तालीम केली. तू दोन तासांच्या वाटेवर, मुख्यालयात, पंख्याखाली बसून तिचा अहवाल वाचशील आणि त्यात सर्व काही सुरळीत पार पडलेले असेल. तेव्हा जे प्रत्यक्ष पाहिले ते कळवणे मी माझे कर्तव्य समजतो.

भोंगा वाजणार होता. तो नादुरुस्त निघाला, म्हणून एका लिपिकाने शिट्टी वाजवली. अंथरुणाला खिळलेला रुग्ण म्हणून जो गृहस्थ निवडला होता तो कार्यालयातला सर्वांत जाडजूड मनुष्य. निवडीचे कारण एवढेच की भर दुपारी आडवे व्हायला तो एकटाच तयार होता. चौघांनी स्ट्रेचर उचलले, दोन पावले गेले आणि टेकवले. दारातून ते आडवेही जाईना, उभेही जाईना. शेवटी रुग्ण स्वतःच उठला, चपला घातल्या, गाडीपर्यंत चालत गेला आणि आत जाऊन पुन्हा आडवा झाला. टाळ्या! छायाचित्र! "अठरा मिनिटांत सुटका" अशी घोषणाही झाली. ज्याच्या घड्याळावर ही मिनिटे मोजली तो त्या वेळी पलीकडे चहा पीत होता.

चाळीस वर्षे मी पोथ्या वाचतो आहे. दांभिकाची लक्षणे त्यांत विस्ताराने सांगितली आहेत. परंतु दंभाला शिट्टी आणि छायाचित्रकार लागतो हे शास्त्रकारांनाही सुचले नव्हते. शेळीच्या गळ्याला दोन स्तन लोंबतात, ते तू लहानपणी पाहून विचारले होतेस, "मामा, यांतून दूध का येत नाही?" तुझा कक्ष म्हणजे तेच.

यापुढचे ऐक. वादळात ज्यांना घराबाहेर पडता येणार नाही अशांची यादी होणार आहे. उत्तम. त्या यादीत नाव घालण्यासाठी, ज्याला घराबाहेर पडता येत नाही त्याने, स्वतः, नगर कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर हजर राहून ओळख पटवायची आहे. लिफ्ट बंद आहे. मी त्या लिपिकाला विचारले, "जो दोन जिने चढून येईल त्याला या यादीत घालणार, आणि जो येणार नाही त्याला वगळणार, असेच ना?" तो म्हणाला, "हो आजोबा, नियमच आहे." त्याच्या तोंडावर कसलीही शंका नव्हती. ब्रह्मज्ञानी पुरुषाच्या मुद्रेवर अशी शांतता असते म्हणतात.

तुझी मामी तीन वर्षे यंत्राच्या नळीवाटे श्वास घेते हे तुला सांगायला नको. वीज गेली की यंत्राची बॅटरी दोन तास पुरते, पुढे कोपऱ्यातला सिलिंडर. तालमीची हकिकत ऐकून ती एवढी हसली की मला तिला दटावावे लागले. जिने तुला नऊ वर्षांची असल्यापासून वाढवले तिचे नाव यादीत घालण्यासाठी मी कोणाचे जिने चढणार नाही. तुला जे योग्य वाटेल ते कर.

मामा


१९ मार्च

तीर्थरूप मामा,

नमस्कार. खुर्चीचा नमस्कार वेगळा. तो जावक क्रमांक घालून येईल.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. जाड्या रुग्णाचा भाग तीनदा. अहवालात "तालीम यशस्वी" असंच आलं होतं, आणि छायाचित्रात तो माणूस इतका गाढ झोपलेला दिसतो की मला वाटलं अभिनय चांगला करतो.

प्रत्यक्ष हजर राहण्याचा नियम माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांचा. तुमच्या पत्रानंतर चार दिवसांत मी तो काढून टाकला. आता अर्ज घरी भरून टपालानं पाठवता येतो. कुटुंबप्रमुखाची सही आणि एका शेजाऱ्याची साक्ष, बस. अर्ज सोबत जोडला आहे. एकच पान आहे, मामा. पंधरा एप्रिलला यादी बंद होते आणि वादळांचे दिवस मे महिन्यात सुरू होतात.

टोमणे मारायचे असतील तर समासात जागा आहे. पण खाली सही करा.

सिलिंडर भरलेला आहे ना? शेवटचा कधी तपासला? तुमच्या भागाच्या नर्सबाई अधूनमधून फिरतात, त्यांना एकदा बघू द्या. बाई बोलायला फटकळ आहेत, पण काम चोख.

मामीला सांगा, मी पुढच्या महिन्यात येते. गेल्या महिन्यातही हेच सांगितलं होतं हे मला आठवतंय, तुम्ही आठवण करून देऊ नका.

तुमची भाची


२८ मार्च

चि. भाचीस,

अर्ज मिळाला. वाचला. परत पाठवीत आहे, सहीविना.

त्यातल्या भाषेविषयी बोलत नाही. कार्यालयीन भाषेकडून शुद्धतेची अपेक्षा करणे म्हणजे डबक्याकडून तीर्थाची अपेक्षा करणे. माझा आक्षेप शिरोभागी असलेल्या ठळक ओळीला आहे. "कुटुंबावर व समाजावर भारस्वरूप व्यक्तींची नोंद." त्याखाली कोरी जागा, आणि तिथे मी माझ्या धर्मपत्नीचे नाव लिहावे?

हे शीर्षक ज्याने लिहिले त्याला मी पाहिलेले नाही, पण ओळखतो. जन्मभर दुसऱ्याच्या खांद्यावर बसून ज्याचा प्रवास झाला त्यालाच असे शब्द सुचतात. एकावन्न वर्षे या घराचा सगळा भार जिने वाहिला, ज्यात माझ्या विद्वत्तेचा भार सर्वांत जड होता हे मी जाणून आहे, तिला मी स्वहस्ते भार म्हणून लिहून देऊ? वाणी ही देवता आहे असे आम्ही शिकलो आणि तुलाही शिकवले. तुमच्या कार्यालयात ती देवता झाडूवाल्याच्या खोलीत बसलेली दिसते; आणि झाडूवाला तरी तिच्याशी सौजन्याने वागत असावा.

तुझ्या त्या नर्सबाई परवा दारात आल्या. पायांत चिखलाचे बूट, पाठीवर पिशवी, तोंडात प्रश्न. "आजोबा, आजी कुठे? मशीन दाखवा. सिलिंडर दाखवा. अर्ज भरलात?" घरात शिरण्यापूर्वी अनुज्ञा मागावी असा संकेत आहे, हे मी तिला सविस्तर समजावून सांगितले. तिने मध्येच घड्याळ पाहिले. मी म्हणालो, "तुम्हाला घाई असल्यास पुढे व्हावे." ती म्हणाली, "मला घाई आहेच. आजींना नाहीये का?" मी दार लावून घेतले.

सिलिंडर कोपऱ्यात उभा आहे, भरलेला. रोज सकाळी पूजा झाली की मी त्यावरची धूळ पुसतो. तुझ्या कक्षाच्या तुलनेत माझी पूर्वतयारी बरी आहे.

मामा


५ एप्रिल

तीर्थरूप मामा,

ते शीर्षक किळसवाणं आहे. मी नोव्हेंबरातच बदलायला सांगितलं होतं. विषय समितीपुढे आहे, आणि समितीच्या दोन बैठका झाल्या त्यांत "भारस्वरूप" ऐवजी "ओझेस्वरूप" चालेल का यावर चर्चा झाली. हे मी विनोदानं लिहीत नाहीये.

पण मामा, गाडीला शीर्षक वाचता येत नाही. गाडी फक्त पत्ता वाचते. वर काय वाट्टेल ते लिहिलेलं असू दे, खाली तुमची सही असली की वादळात गाडी तुमच्या दाराशी थांबेल. नसली तर थांबणार नाही. तुम्हाला शब्दाची अब्रू राखायची आहे. ती मामीच्या श्वासावर राखू नका.

तुम्ही म्हणाल, तूच का घालत नाहीस नाव? अधिकारी आहेस ना? तर ऐका. जानेवारीत मी एका लिपिकाला निलंबित केलं. त्यानं सही नसताना स्वतःच्या सासऱ्याचं नाव यादीत घुसवलं होतं. तो सासरा रोज संध्याकाळी तीन मजले चढून पत्ते खेळायला जातो. त्या लिपिकाची बायको माझ्यासमोर रडली, आणि मी तिला सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा. आता माझ्याच मामीचं नाव सहीशिवाय घालू? कोणत्या तोंडानं? हा ताठपणा मी कुठून आणला ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. तुमच्याच घरात वाढले.

नर्सबाईंना दारातून परत पाठवलंत हे वाचून मला लाज वाटली. त्या एकट्या साडेतीनशे घरं बघतात. त्यांना व्याख्यान ऐकायला वेळ नसतो.

नवा अर्ज जोडला आहे. शीर्षकावर हवं तर कागद चिकटवा.

भाची


१२ एप्रिल

ठके,

हे पत्र तुझ्या मामांच्या नकळत लिहितेय, ते आंघोळीला गेलेत. आंघोळीबरोबर त्यांचं स्तोत्र असतं, म्हणजे मला अर्धा तास आहे. अक्षर वाकडं येतंय, समजून घे.

तुमची दोघांची पत्रं मी वाचते. मामा टेबलावर ठेवतात, त्यांना वाटतं मला चष्म्याशिवाय दिसत नाही. अगं, तुम्ही दोघं माझ्यासाठी भांडताय की माझ्या जिवावर भांडताय? एकाला शब्द लागला, दुसरीला नियम लागला. मला हवा लागते. हवेला कुणी विचारतंय का?

मला भार म्हणा, ओझं म्हणा, पोतं म्हणा. पोतं तरी लोक उचलतात.

तर तुझा तो अर्ज मी भरलाय. मामा सही करणार नाहीत, मी ओळखते त्यांना, एकदा नाही म्हणाले की देव आला तरी नाहीच. म्हणून सही मीच केली. साक्ष म्हणून पलीकडच्या शिंपीणबाईंनी केली. नर्सबाईंना मी मागच्या खिडकीतून हाक मारली होती, त्यांच्या हाती हे पाकीट देतेय. छान आहे गं ती. म्हणाली, "आजी, तुमचे आजोबा बोलायला लागले की माझी दोन घरं राहतात." मी इतकी हसले की नळीच निसटली.

पंधरा तारखेच्या आत पोचेल असं ती म्हणाली. आता तू निर्धास्त राहा. आणि मामांशी जरा गोड लिही, ते तुझं पत्र आलं की दोन दिवस जेवताना बोलत नाहीत.

तुझी मामी


२७ मे

आरोग्य अधिकारी बाईंस,

वर "चिरंजीव" लिहिलेले नाही ते विसरून नव्हे.

तुझी मामी जिवंत आहे, हे आधी सांगतो, कारण तू ते विचारलेले नाहीस. सात दिवस रुग्णालयात होती, काल घरी आणली. आता क्रमाने ऐक.

एकोणीस तारखेला सकाळी दहाच्या सुमारास वादळ आले आणि वीज गेली. यंत्राची बॅटरी दोन तास चालायची ती पाऊण तासात संपली. मी कोपऱ्यातला सिलिंडर पुढे घेतला, नळी जोडली, चावी फिरवली. काही नाही. काटा शून्यावर होता. तो किती महिने शून्यावर होता हे मला ठाऊक नाही, कारण मी रोज धूळ पुसताना काट्याच्या काचेवरूनही फडके फिरवीत असे आणि आत कधी पाहिले नाही. तुझ्या कक्षाच्या तालमीला मी हसलो होतो. माझ्या घरात तीच तालीम रोज सकाळी होत होती, शिट्टीवाचून.

तुझ्या मामीचे ओठ निळे पडू लागले. साडेअकराला तुझी गाडी रस्त्यावर आली. मी धावलो. वय अठ्ठ्याहत्तर, अंगावर भिजलेले धोतर, पण धावलो. गाडी कोपऱ्यावरच्या भुसारवाल्याच्या दारात थांबली होती. गुडघे दुखतात म्हणून त्याचे नाव यादीत आहे. तो आपल्या पायांनी आला, आत चढला आणि म्हणाला, "मला खिडकीशी बसवा, मळमळतं." मी यादीवाल्याचा हात धरला. झालेले संभाषण जसेच्या तसे लिहितो, मध्ये माझी एकही उपमा नाही.

"आजोबा, नाव?"

मी सांगितले.

"यादीत नाही."

"नसू द्या. बाईमाणूस श्वासावाचून तडफडते आहे. तिसरे घर. गाडीत तीन जागा रिकाम्या दिसतात मला."

"त्या यादीतल्यांच्या आहेत. तुमच्यासाठी वेगळी गाडी येईल."

"कोणती?"

"यादीत नसलेल्यांची."

"ती केव्हा येणार?"

"त्यांची यादी झाली की."

गाडी गेली. मी तसाच घराकडे धावलो. 

बाराच्या पुढे तुझ्या नर्सबाई आल्या. सायकल हातात, मागच्या कॅरियरला दोरीने बांधलेला सिलिंडर, गुडघ्यापर्यंत पाणी. मला बाजूला सारले. होय, हातांनी. मी अनुज्ञेविषयी काही बोललो नाही. तिने नळी जोडली, तुझ्या मामीला उठवून बसवले, पाठीवर हात ठेवला आणि मोजू लागली. "एक, आजी. दोन. माझ्याबरोबर." दीडशेपर्यंत मोजले असेल. मग मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही रडताय ते नंतर रडा, आधी ते भांडं द्या इकडे." दुपारी तीनला ती एका मालवाहू टेम्पोवाल्याला दटावून घेऊन आली आणि रुग्णालयात नेले.

तो सिलिंडर कुठला? आरोग्य केंद्राच्या भांडारातला. त्यावर मोहर होती, "तपासणीसाठी राखीव". म्हणजे वरिष्ठ आले की दाखवायचा आणि ते गेले की पुन्हा कुलपात. बाईने मोहर फोडली.

एकवीस तारखेला, तुझी मामी रुग्णालयात असताना, घरी टपाल आले. "कुटुंबप्रमुखास" असा पत्ता. मजकूर: "सदर अर्जावर विषयांकित व्यक्तीने स्वतः सही केल्याचे आढळून येते. ज्याअर्थी सदर व्यक्ती स्वतः सही करू शकते, त्याअर्थी ती परावलंबी नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे." तुझ्या मामीने माझ्या पाठीमागे अर्ज भरला होता हे मला असे कळले. मी तो कागद देवघरात नेऊन पुन्हा वाचला. तिथेही त्याचा अर्थ तोच निघाला.

आणि परवा नर्सबाईंना नोटीस मिळाली. राखीव साठ्याची मोहर तोडून "एका अनोंदणीकृत महिलेस" सिलिंडर दिल्याबद्दल सेवेतून का काढू नये, याची कारणे दाखवा. तिने ती मला दाखवली नाही. शिंपीणबाईंकडून मला कळले. मी जाऊन मागून घेतली. खाली सही तुझी आहे. ते वळण मीच तुला पाटीवर गिरवून दिले होते, म्हणून ओळखायला वेळ लागला नाही.

ती अनोंदणीकृत महिला कोण, हे वाचावेसेही तुला वाटले नाही. यज्ञात आहुती कोणाच्या नावाने पडते हे न पाहता मंत्र म्हणणाऱ्या पुरोहिताला आम्ही मूर्ख म्हणत असू. तुला काय म्हणावे हे पोथीत सापडत नाही. या बाईची नोकरी गेली तर या भागातल्या साडेतीनशे घरांत वादळात कोण येणार? तुझी यादी? ती येऊन गेली. मी पाहिली.

मी स्वतः निर्दोष नाही, हे वर लिहिलेच आहे. परंतु मी निदान माझ्या चुकीच्या तोंडाकडे पाहिले. तू तुझ्या चुकीवर सही करून ती टपालात टाकलीस.

मामा


२ जून

तीर्थरूप मामा,

पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून निघाले, आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरले. मामीला तोंड दाखवण्याआधी नोटीस मागे घेणं गरजेचं होतं. आता ती मागे घेतली आहे. त्यामुळे हे पत्र लिहू शकते.

काय झालं ते जसं झालं तसं सांगते. मामीचं पत्र मला एप्रिलमध्ये मिळालं होतं. पाकीट आवक लिपिकानं फोडलं, अर्ज काढून यादीच्या टेबलावर दिला आणि पत्र माझ्याकडे आणलं. त्यावर पेन्सिलीनं टीप होती, "अर्ज संबंधितांकडे दिला." मी ते वाचून हसले, मामीची चलाखी आवडली, सही कुटुंबप्रमुखाचीच लागते हे मनातही आलं नाही, आणि खात्री करून घेतली नाही. काम झालं असं समजले. वादळाच्या तीन दिवसांत मी नियंत्रण कक्षात होते, फोन बंद होते. संध्याकाळी अहवाल आला, "यादीतील सर्व व्यक्ती सुखरूप." मी पाणी प्यायले. मला वाटलं त्यात मामी आहे.

नोटीस सव्वीस कागदांच्या गठ्ठ्यात होती. मी सव्वीसही सह्या केल्या. एकही वाचला नाही. 

तुमचं पत्र आल्यावर मी शोधायला लागले की "सही करता येते म्हणजे परावलंबी नाही" हा नियम कोणत्या गाढवानं केला. जुन्या फायली काढल्या. दोन वर्षांपूर्वीचा आदेश आहे. खोट्या नोंदी थांबाव्यात म्हणून. धडधाकट लोक स्वतःच सही करून नाव घालत होते, म्हणून. आदेश माझा आहे, मामा. मसुदाही माझा. भाषा चांगली आहे, तुम्ही वाचला असता तर एकही चूक काढली नसती.

वरिष्ठांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, नोटीस मागे घेतली तर अर्ज चुकीनं निकाली काढला हे मान्य करावं लागेल. मग ते कुणावर तरी येणार. राहू द्या ना, नर्सला एक समज देऊ आणि मिटवू." फार मऊ बोलतात ते. मी त्यांच्यासमोरच लिहून दिलं: अर्ज मुदतीत आला होता, माझ्या आदेशामुळे फेटाळला गेला, ती महिला नोंदणीकृत असायला हवी होती, नर्सनं केलं ते तिचं कामच होतं. माझ्या सेवापुस्तिकेत ठपका बसला. पुढच्या महिन्यापासून हा कक्ष माझ्याकडे नसेल. त्या जागी जे येणार आहेत ते गेल्या मार्चमध्ये तुमच्या गावात शिट्टी वाजवत होते.

जानेवारीत निलंबित केलेल्या लिपिकालाही पत्र लिहिलंय. त्याचा सासरा पत्ते खेळतो हे खरंच आहे, पण मी त्या बायकोला जे ऐकवलं ते ऐकवायचा हक्क मला नव्हता.

मी येत्या रविवारी येते. दार उघडणार असाल तर.

भाची


१६ जून

ठके,

तू येऊन गेलीस, तुझे मामा दोन तास तुझ्याशी बोलले नाहीत आणि निघताना पिशवीत दोन पुस्तकं कोंबली, म्हणजे मिटलं असं समज. त्यांना याहून जास्त मिटवता येत नाही.

नव्या अर्जावर सही केली त्यांनी. वर आता "विशेष लक्ष देण्याच्या व्यक्ती" असं छापलंय. मला म्हणाले, "बघ, भाषा सुधारली." मी म्हटलं, "हो, आता निळ्या ओठांनी मेले तरी शुद्ध मराठीत मरेन."

तू गेल्यावर ते नर्सबाईंकडे माफी मागायला गेले. धुतलेलं उपरणं घेऊन, भाषण पाठ करून. शिंपीणबाई सोबत होत्या, त्यांनी येऊन सांगितलं. मामांनी सुरुवात केली कृतज्ञतेचे प्रकार किती असतात इथपासून. दुसऱ्या प्रकाराला ती बाई म्हणाली, "आजोबा, मला अजून पाच घरं आहेत. थोडक्यात सांगा." मामा म्हणाले, "चुकलो." ती म्हणाली, "बरं," आणि सायकलवर बसून गेली. तेव्हापासून हे घरात कुणालाही सांगतात, की एवढी संक्षिप्त वृत्ती मी कुठल्या सूत्रग्रंथात पाहिली नाही.

पण ठके, तुमच्या यादीत माझं नाव आलं म्हणून मी काही झोपत नाही. शिट्टीवाला आता साहेब झालाय. तुझी नोकरी अर्धी गेली, मामांचा तोरा अर्धा गेला, मला मात्र श्वास पूर्ण लागतो. म्हणून मी माझ्यापुरतं एक काम केलंय. पुढच्या दाराची किल्ली बनवून घेतली, शिंपीणबाईंनी आणून दिली, आणि ती नर्सबाईंना दिली. तुझ्या मामांना विचारलं नाही, नंतर सांगितलं. तर म्हणाले, "दोन करायच्या होत्यास, एक हरवली तर?"

परवा दुपारी वीज गेली. हे उठून नव्या सिलिंडरचा काटा बघायला लागले, चष्मा सापडेना. तोवर कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. बाई आली, काटा पाहिला, माझ्या बोटाचं नख निळं नाही ना ते पाहिलं, मामांचा चष्मा त्यांच्याच डोक्यावरून काढून हातात दिला, आणि गेली. वीज आली तेव्हा ती कोपऱ्यावरही पोचली नव्हती.

हे पत्र मी तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतेय. वाचून फाडून टाक. ऑफिसात नेऊ नकोस, किल्लीसाठी अर्ज मागवाल तुम्ही लोक.

तुझी मामी